चवळीखाऊ

सेगू शहरातल्या त्या गल्लीत तेनिन कुलिबालीची सकाळ शिवी खाल्ल्याशिवाय कधी उजाडली नव्हती. समोरच्या छपरीत फुसेनी केइता नावाचा म्हातारा शिंपी मशीन मांडून बसायचा. तिनं दार उघडलं की त्याचे पाय थांबायचे. मग तो नाकाला कापडाचा तुकडा लावून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "कुलिबाली निघाली रे! वारा कुठून येतोय बघा आणि पलीकडे सरका! काल पुन्हा परातभर चवळी हाणलीय हिनं!"

"गप रे चोरा," तेनिन म्हणायची. "तुझ्या आजोबाला माझ्या आजोबानं पाटीभर चवळी देऊन विकत आणलं होतं. अर्धी पाटी त्यानं वाटेतच चोरून खाल्ली. तेव्हापासून तुमच्या खानदानाचे हात लांब!"

कुलिबाली आडनाव म्हटलं की चवळीखाऊ आणि केइता म्हटलं की चोर, हे त्या मुलखात ठरलेलं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायला जाऊ नये. विचारणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या पडतात. केइताच्या घरी कुणी वारलं तरी कुलिबालीनं तिथं जाऊन मयताला दटवायचं असतं, "ऊठ रे आळशा, माझं देणं बुडवायला निजलास होय?" आणि रडता रडता सगळ्या बायकांना हसू फुटतं. राग मात्र धरायचा नाही. राग धरला तो संपला.

तेनिन शिकून कडधान्यांची शास्त्रज्ञ झाली आणि रवांडातल्या घेवड्याच्या संशोधन केंद्रात तिला नोकरी लागली, तेव्हा केइतानं नाचायचंच काय ते बाकी ठेवलं. "ऐका हो ऐका! आख्खा खंड ओलांडून कुलिबाली कुठं निघाली? चवळी खायला!"

"चवळी नाही, घेवडा," तेनिन म्हणाली.

"शेंग ती शेंग. वारा तोच." पण ती गाडीत बसली तेव्हा त्यानं नाकाचं कापड डोळ्यांना लावलं, आणि ते लपवायला तो फार वाईट शिंक शिंकला.

टेकडीवरचं गाव तेनिनला पहिल्या दिवसापासून अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं दिसलं. तिच्या देशात जमीन सपाट. जे आहे ते लांबूनच दिसतं आणि बराच वेळ दिसत राहतं. इथं टेकडीमागून टेकडी निघायची, आणि सकाळी त्यातली एकही जागेवर नसायची. धुकं दरीत भरलेलं असायचं, पांढरं आणि अगदी सपाट. केंद्राच्या वाटेवर ती थांबायची आणि बघता बघता तिला वाटायचं, ही जोलिबाच आहे, आपली नदी, इथवर आपल्यामागून आलेली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एखादी बाई खालच्या वाटेनं चाललेली असायची. बाई दिसायची नाही, नुसता भारा धुक्यावरून होडीसारखा सरकत जायचा. कुठला तरी लहानसा पक्षी निलगिरीत टकटकटक करायचा. तेनिन डोळे मिटायची. केइतानं मशीन सुरू केलं, आता तो बोलेल. पक्षी थांबायचा आणि कुणीच काही बोलायचं नाही.

लोक वाईट होते असं कोण म्हणेल? फार चांगले होते. दोन्ही हातांनी हात धरायचे, रात्र बरी गेली ना विचारायचे, वाटेतून बाजूला व्हायचे. पण बोलायचे इतकं हळू, की शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस मुश्किलीनं निजलंय आणि त्याला जाग येऊ नये म्हणून सगळा देशच जपून बोलतोय असं वाटावं. तेनिन मोठ्यानं हसली की तिचं हसू टेकडीवरून एकटंच खाली जायचं. पुढे पुढे ते जायचंही बंद झालं.

फोन होता की. पण थट्टेचं उत्तर तिथल्या तिथं यावं लागतं. केइताची शिवी सेगूहून निघून टेकडीवर पोचेपर्यंत गार व्हायची. मग दोघं एकदम बोलायची, दोघं एकदम थांबायची, आणि शेवटी केइता विचारायचा, "बरी आहेस ना गं पोरी?"

केइतानं कुलिबालीला बरी आहेस का विचारावं, म्हणजे आपण गेल्यातच जमा. आरशात बघताना तिला खरंच वाटायचं, आपण पातळ होत चाललोय. कोणी वाईट बोलत नाही आणि कोणी नावं ठेवत नाही, तर आपण आहोत याला पुरावा काय?

दोन खोल्या तिनं दाफ्रोजबाईंच्या आवारात भाड्यानं घेतल्या होत्या. बाई शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. भाजीवाल्याही त्यांच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. मधे कुंपणाची मेंदीसारखी दाट झुडपं. त्यापलीकडून रोज सकाळी आवाज यायचा, "रात्र बरी गेली ना तुमची?" आणि तेनिन म्हणायची, "बरी गेली. तुमची?" "बरी गेली." एवढंच. दोन एकट्या बायका एका आवारात इतक्या नीटनेटक्या राहत होत्या, की बघणाऱ्याला जांभई यावी.

शेतात घेवड्याचे वेल माणसाहून उंच काठ्यांवर चढले, जांभळी फुलं आली, शेंगा वाळल्या. कापणी झाली तेव्हा तेनिनचा वरिष्ठ तेओनेस्त तिच्याजवळ येऊन उभा राहिला. भला माणूस. बोलायच्या आधी शब्द धुऊन घ्यायचा.

"पुढच्या हंगामाचे सगळे संकर तुमच्या हातचे आहेत," तो म्हणाला. "फेब्रुवारी संपता संपता पेरणी. तुमचं मन इथं लागत नाही, हे मला दिसतंय. राहायचं तर राहा, जायचं तर जा, कुणी नावं ठेवणार नाही."

"ठेवा हो कुणीतरी," तेनिन पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"फक्त पेरणीच्या आधी सांगा. अर्ध्यात सोडलंत तर हंगाम फुकट जाईल."

त्याच आठवड्यात ते घडलं. संध्याकाळ होती, सूर्य दोन टेकड्यांच्या मधे अडकलेला. झुडपांतली फट ओलांडून दाफ्रोजबाई पहिल्यांदाच तिच्या अंगणात आल्या. हातात पातेलं. "आमच्याकडे नवा निघाला की शेजारी द्यायचा असतो," एवढंच बोलून त्यांनी झाकण काढलं.

आत घेवडा होता. वाफाळता, कच्च्या केळ्यांत शिजवलेला, काठोकाठ भरलेला.

कुलिबालीच्या दारात शेंगा घेऊन माणूस आलं! तेनिनच्या अंगात वारं शिरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला ओळखलं होतं. त्या देशात घेवडा रोज दोन्ही वेळा घरोघरी शिजतो, त्यात शिवी नाही की थट्टा नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचा तर धंदाच तो. पण भुकेल्याला कुठं सुचतं? तिनं कमरेवर हात ठेवले आणि खाली वाटेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"आलीस का चोरा! कळलं वाटतं मी कोण ते! अगं, तुझा आजोबा माझ्या आजोबाच्या घरी चाकर होता, शेळ्या राखायचा! शेळ्या राखता राखता आमचीच चवळी चोरायचा! त्यातलीच आणलीस ना ही, चोरटे?"

आणि ती वाट बघत थांबली. डोळे चमकत होते, तोंड हसायच्या बेतात होतं.

वाटेवर पाण्याचे कॅन घेऊन चाललेल्या बायका थबकल्या. दाफ्रोजबाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. त्यांनी पातेलं पायरीवर ठेवलं, फार जपून, दोन्ही हातांनी. "गरम आहे, सांभाळा," त्या म्हणाल्या आणि फटीतून परत गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

तेओनेस्तला दुसऱ्या दिवशी कळलंच होतं. गावं सगळीकडची सारखीच. तो बियांच्या ताटावर वाकून म्हणाला, "इथं कुणी कुणाच्या आजोबाचं नाव काढत नाही, तेनिन. कोण कुणाचा चाकर, कोण कुणाचा धनी, हे बोलून बोलून आम्ही काय बघितलंय, तुम्हाला माहीत आहे. आम्ही ते बोलणंच सोडलंय."

"मी थट्टा केली हो. आमच्याकडे..."

"मला कळतंय. पण बाईंचं अख्खं माहेर त्या वर्षीच्या कत्तलीत गेलं."

तेनिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माफी मागायला गेली. बाईंनी दार अर्धं उघडलं आणि म्हणाल्या, "काही झालेलं नाही." 'काही झालेलं नाही' याचा अर्थ जगातल्या सगळ्या भाषांत एकच असतो. सकाळचं "रात्र बरी गेली ना" चालू राहिलं, तसंच शुद्ध, तसंच नीटनेटकं. फक्त आता बाईंचा आवाज झुडपांच्या जरा लांबून यायचा.

पातेलं तेनिनकडेच राहिलं. तिनं ते घासून लख्ख केलं. तिच्या आईच्या घरी रिकामं भांडं परत धाडायची रीत नव्हती. पण यात घालायचं काय? शेंगदाण्याचं कालवण केलं, ते स्वतःच खाल्लं. पुन्हा केलं, पुन्हा खाल्लं. पातेलं खिडकीत बसून तिच्याकडे बघत राहिलं. धुकं आता दुपारीही पुरतं निघेना. कधी शेतातून चालताना तिला रिकाम्या काठ्यांच्या रांगांमधून सेगूची गल्ली दिसायची, छपरी दिसायची, आणि छपरीत मशीन तेवढं असायचं, माणूस नसायचा.

पेरणी तोंडावर आली. त्या शुक्रवारी ती दाफ्रोजबाईंकडे गेली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "सोमवारी मी तेओनेस्तना सांगणार आहे. मी परत जाते. खोल्या मोकळ्या होतील."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पेल्यातून विरजलेलं दूध आणून ठेवलं. "का?" त्यांनी विचारलं.

आता जायचंच, मग लपवायचं काय? तेनिननं सगळं सांगितलं. केइता, त्याचं मशीन, नाकाचं कापड, चवळी, मयताला दटवणं. सांगता सांगता ती एकदा हसली आणि नंतर तिला रडू आलं. "मला वाटलं, घेवडा आणून तुम्ही मला चिडवलंत," ती म्हणाली. "मला इतका आनंद झाला, बाई, की अक्कलच गेली."

बाई पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. "म्हणजे ज्याला शिव्या देता, तो शत्रू नाही?"

"शत्रूला कोण शिव्या देतं? शत्रूशी गोड बोलतात."

"आणि त्याला राग आला तर?"

"रागवायची मुभाच नाही. उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर तो परका."

बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. खिडकीत धुक्याशिवाय काही नव्हतं. तेनिनला वाटलं, आपलं शेवटचं बोलणं त्यांना लागलं. ते मागं घ्यावं म्हणून ती तोंड उघडणार, तोच बाई उठल्या. "उद्या उमुगांडा आहे. सगळ्या गावानं मिळून गटार उपसायचंय. जायच्या आधी तेवढं करून जा. कुदळ माझ्याकडची न्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट, की हातातली कुदळ दिसावी आणि शेजारचा माणूस नाही. रस्त्याकडेला सगळं गाव रांगेनं उभं होतं, पण दिसत कुणीच नव्हतं. ओल्या मातीत कुदळी पडल्याचा आवाज तेवढा येत होता, जवळून, लांबून, कधी खालून. तेनिन रांगेच्या टोकाला होती. तिला बरं वाटत होतं. सोमवारनंतर हे सगळं असंच विरून जाईल, ती मनाशी म्हणाली, आपण इथं होतो हेही कुणाला आठवायचं नाही.

आणि धुक्यातून आवाज आला.

"ए कुलिबाली!"

तिचे हात थांबले. झालं, तिला वाटलं, आता कानही वाजायला लागले.

"ए चवळीखाऊ! कुदळ धरतेस का चमचा? गटार उपसायचंय, खायचं नाहीय!" आवाज बारीक होता, थरथरत होता, पण मोठा होता. "माझा आजोबा तुझ्या आजोबाच्या शेळ्या राखायचा काय? शेळ्या होत्या तरी का गं त्याच्याकडे? एक बोकड होता! तोही लंगडा! आणि तोही आमच्याच गोठ्यातून पळवलेला!"

रस्ताभरच्या कुदळी थांबल्या. धुक्यातून दाफ्रोजबाई बाहेर आल्या, डोक्याला फडकं, गुडघ्यापर्यंत चिखल. त्या मुठी आवळून उभ्या होत्या. उभ्या जन्मात ज्यांनी वर्गातल्या पोराला 'गाढवा' म्हटलं नाही, त्या बाई.

"आणि माझं पातेलं कुठंय? तेही पचवलंस, चोरटे?"

सगळं गाव तेनिनकडे बघत होतं. तिला बोलायचं होतं. इतके महिने साठलेलं सगळं घशाशी आलं होतं, आणि नेमकी आता जीभ टाळ्याला चिकटली. क्षण गेला. आणखी एक गेला. बाईंच्या मुठी हळूहळू सुटायला लागल्या. मान खाली जायला लागली, जशी चूक उत्तर दिलेल्या पोराची जाते.

उत्तर दिलं नाही तर परका. हे कालच कुणी सांगितलं होतं?

"पातेलं?" तेनिन ओरडली. आवाज फाटला, पण निघाला. "त्या पोचे आलेल्या टोपाला तू पातेलं म्हणतेस, म्हातारे? आणि त्यातला घेवडा! अगं, इतका कच्चा होता, इतका कच्चा होता, की मी तो तसाच बियाण्याला ठेवलाय! सोमवारी पेरणार आहे!"

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग दाफ्रोजबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. धुक्यात कुठंतरी एक म्हातारी खिदळली. मग दुसरी. रांगेतून तेओनेस्तचा आवाज आला, नेहमीसारखा धुतलेला, "म्हणजे पेरणीला आहात तर?"

"आहे, आहे," तेनिन म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

गटार उपसून झाल्यावर दोघी बांधावर बसल्या. बाईंनी फडक्यानं डोळे पुसले. हसू कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गोदांस," त्या म्हणाल्या. "माझी आतेबहीण. आते-मामे भावंडांना आमच्याकडेही मुभा असायची. वाटेल ते बोलायचं. ती मला चोरच म्हणायची. कुंपणापलीकडून, असंच ओरडून. माझ्या आजोबापासून सुरुवात करायची." त्या थांबल्या. "ती गेली, तिचं घर गेलं, सगळेच गेले. त्यानंतर मला कुणी 'अगं' म्हटलं नाही. मी सगळ्यांची बाई झाले."

तेनिननं त्यांचा चिखलाचा हात धरला.

"मी रागावले नव्हते गं. तू ओरडलीस ना त्या संध्याकाळी, मला वाटलं तीच आली. पातेलं खाली ठेवलं नसतं तर हातातून पडलं असतं. घरात गेले, कडी लावली, आणि उत्तर शोधत बसले. गोदांसला मी काय म्हणायचे, ते आठवेचना. इतके दिवस लागले बघ. बोकड आठवला तो काल तू गेल्यावर."

"बोकड तिचा?"

"तिच्याच आजोबाचा. लंगडाही होता." बाई पुन्हा हसल्या. "चल, माझं पातेलं दे आता."

"देणार नाही."

"नकोच देऊस," दाफ्रोजबाई म्हणाल्या.

रविवारी दुपारी सेगूहून फोन आला. आई बोलून झाली आणि केइतानं तो घेतला. मागं मशीनची टकटक होती, जरा मंद. त्यानं चवळीचं काहीतरी म्हटलं, ते पोचेपर्यंत गार झालं, दोघं एकदम बोलली, एकदम थांबली. त्याच शांततेत झुडपांपलीकडून आरोळी आली, "कुलिबाली! खिडकी लाव गं बाई! सगळा वारा इकडं येतोय!"

फोनवर मशीन थांबलं. भाषा फ्रेंच होती. केइताला ती जेमतेम यायची, पण हे त्याला कळलं.

"ती कोण गं?" त्यानं विचारलं.

"एक केइता आहे," तेनिन म्हणाली. "इथली."

म्हाताऱ्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं. "तिला सांग, पातेली लपवून ठेव म्हणावं," तो म्हणाला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं, चांगलं जोरात.

बरी आहेस ना, असं त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.